सोनार सोडून कुणीही

बाई बाई बाई, कुणाला सांगू नका, पण आमच्या पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी कान टोचून घेतले. साठी उलटल्यावर! आणि टोचणारा सोनार नव्हता.

झालं असं, की ज्येष्ठातली भिशी तिसऱ्या मजल्यावर होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलर, मध्ये प्याज कचोरीचं ताट. वहिनी आल्या त्या केस कानामागे सारून. वहिनींचे केस कानामागे गेले की समजावं, कानात नवं काहीतरी आहे. होतंच. एकेका कानात सहा-सहा चमचमते खडे. पाळीला नव्हेत हो. एक बुगडीच्या जागी, एक कुडीच्या वर, दोन कानाच्या खोलगट वाटीत, आणि दोन अशा ठिकाणी, की जिथल्या दागिन्याला मराठीत अजून नावच पडलेलं नाही. जयपुरात वीस वर्षं काढल्यावर खडे कळत नाहीत म्हणायची सोय नसते. तिसऱ्या मजल्याने वाकून पाहिलं आणि विचारलं, "पोल्की?"

दीक्षा घेतलेली बाई संसारी बाईकडे पाहते तसं वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. "दागिने नाहीत गं हे. पॉइंट आहेत."

मग एकेका खड्यावर बोट ठेवून ओळखपरेड झाली. हा झोपेचा, हा गुडघ्याचा, हा पित्ताचा, आणि हा (इथे आवाज खाली आला) रागाचा. कुणावरच्या रागाचा ते कुणी विचारलं नाही. सूनबाई शेजारीच बसल्या होत्या.

तर प्रकार असा आहे. आठवड्यातून एकदा वहिनी सुया टोचून घ्यायला जातात. हातात, पायात, कपाळावर, कानात. पुढच्या सिटिंगपर्यंत कानातला परिणाम टिकावा म्हणून तिथली बाई या टिकल्या चिकटवून देते, आणि दिवसातून चार वेळा त्या चिमटीत धरून दाबायच्या. मुळात या टिकलीखाली एक काळं बी असायचं, मोहरीपेक्षा थोडं थोर. आता त्यावर खडा बसवतात. बी दाबलं तर बाई आजारी दिसते, खडा दाबला तर बाई विचारात दिसते. गेल्या वर्षभरात आमच्या मालवीय नगरात विचारात पडलेल्या बायकांची संख्या कमालीची वाढली आहे.

"पाच हजार वर्षांचं चिनी ज्ञान आहे हे," वहिनी म्हणाल्या. मी घरी येऊन वाचलं, आणि काय सांगू! सुया जुन्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्यांत आहेत, मान्य. पण कानावरचा हा जो बारीक नकाशा आहे ना, इथे गुडघा, इथे पोट, इथे कंबर, तो काढला फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या पॉल नोझिए नावाच्या डॉक्टरांनी, १९५०च्या दशकात. त्यांना कानाच्या आकारात उलटं टांगलेलं पोटातलं मूल दिसलं: डोकं पाळीकडे, पाय वर. चिन्यांनी तो नकाशा नंतर उचलला. म्हणजे वहिनींच्या कानातली पुरातन विद्या माझ्या थोरल्या दिरांच्या वयाची आहे, आणि ती निघाली युरोपातून. हे मी वहिनींना सांगितलेलं नाही. रागाचा पॉइंट अजून नवीन आहे त्यांचा.

सोनाराने कान टोचलेले बरे, असं आपल्यात म्हणतात, आणि हे शहर तर सोनारांचं, जडियांचं, पैलू पाडणाऱ्यांचं. त्यांना सोडून ही मंडळी कान घेऊन गेली भलतीकडेच, असं वाटत होतं. तर तेही खरं नाही निघालं. हल्ली जी गुआ शा नावाची चपटी शिळा घेऊन पोरी गाल खरवडत बसतात, त्या शिळा आणि ते गालावर फिरवायचे दगडी रोलर आमच्याच जयपुरात कापले जातात. पिढ्यान् पिढ्या पाचू घासलेले हात आता गुलाबी स्फटिकाला बदामाचा आकार देतात, आणि तो दगड चिनी सौंदर्याचं गुपित म्हणून खोक्यात बसून परदेशी जातो. तिसऱ्या मजल्याच्या मुलीने असाच एक परदेशातून मागवला. जिथून निघाला तिथून तिचं घर रिक्षाने पंचवीस मिनिटं.

खुद्द चीनमध्ये गुआ शा म्हणजे गाल चोळणं नव्हेच. तिथे ताप भरला, अंग मोडून आलं, की पाठीला तेल लावून म्हशीच्या शिंगाचा तुकडा, नाणं, नाहीतर सूप प्यायच्या चिनीमातीच्या चमच्याने पाठ लाल होईपर्यंत खरवडायची. वाचता वाचता मला आमची आजी आठवली. तिच्याकडे काशाची वाटी होती. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून ती वाटी घासायची, वाटी काळी पडायची आणि आजी म्हणायची, बघ किती उष्णता निघाली. आम्हांला ते खरं वाटायचं. झोप मात्र अशी लागायची की सांगता सोय नाही. ती वाटी पुढे माझ्याकडे आली. मी तिच्यात मोड आलेली मटकी ठेवते.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर मी कशाला तोंड उघडलं असतं? पण तिसरा मजलाही गेला. मग चौथा. मग महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या बायका. कुणाची मान, कुणाचे गुडघे, कुणाची अर्धशिशी, कुणाला डाल-बाटी-चूरमा झेपत नाही म्हणून, आणि कुणाला सगळ्या गेल्या म्हणून. परत येऊन जे काय सांगतात! डॉक्टर नाडी बघतात, तीही दोन्ही मनगटांना तीन-तीन बोटं लावून, आणि मग म्हणतात, "हुकम, जीभ दिखाइए." जीभ दाखवली की निदान होतं. तिसऱ्या मजल्याच्या जिभेवर पांढरा थर निघाला, तेव्हा तिला सांगण्यात आलं की तिच्या अंगात दमटपणा साठला आहे.

दमटपणा! जयपुरात! मे महिन्यात! जिथे दोरीवरची साडी पिळून टाकेपर्यंत वाळते, जिथे आम्ही कूलरमध्ये बादल्या ओतून ओलावा विकत घेतो, तिथे ही बाई तो अंगात साठवून बसली. मुंबईची असती तर मी समजू शकले असते. त्यावर उपाय काय, तर फ्रिजचं पाणी बंद आणि कोमट पाणी प्यायचं. पंचेचाळीस डिग्रीत नळाचं पाणी कोमटच येतं, एवढा एक उपाय मात्र फुकटात झाला.

चौथ्या मजल्याची गोष्ट याहून खमंग. तिला रोज रात्री दोन वाजता जाग येते. तिथे सांगितलं, एक ते तीन ही यकृताची वेळ, आणि यकृतात राग राहतो. अकरा ते एक पित्ताशय, तीन ते पाच फुप्फुसं, पाच ते सात मोठं आतडं, असं दर दोन तासांनी पहारा बदलतो म्हणे. त्या रात्रीपासून चौथा मजला दोन वाजता उठून नवऱ्याकडे बघत बसतो, की माझ्या यकृतात नेमकं काय बोललास तू. तो बिचारा तीनची वाट बघतो.

आता मला सांगा, हे कुठे चाललंय? ज्या शहरात जंतरमंतर आहे, सत्तावीस मीटर उंचीचं सम्राट यंत्र आहे, ज्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगता येते! सवाई जयसिंगाच्या दरबारात ज्यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली ते सम्राट जगन्नाथ पंडित आपले मराठी. त्यांच्या गावात आता मराठी बायका यकृतावर घड्याळ लावतात.

मंडळात एक निवृत्त काका आहेत. कुठलीही गोष्ट निघाली की ते सांगतात, ही आपलीच. अ‍ॅक्युपंक्चर निघाल्यावर ते सुश्रुतापासून सुरू झाले, बौद्ध भिक्षूंच्या झोळीतून सुया हिमालयापलीकडे नेल्या आणि चीनमध्ये पोहोचवून पाणी प्यायले. पुरावा विचारला तर म्हणाले, कान टोचणं हाच पुरावा. मी म्हटलं, काका, मग नाक टोचणं हे सर्दीवर असणार. ते दोन गणपती बोलले नाहीत माझ्याशी.

पण खरं सांगू का, काकांना सुश्रुताइतकं लांब जायची गरजच नव्हती. या सुया भारतात यायचा रस्ता मुंबईच्या गोदीतून निघतो, आणि त्यावर दोन मराठी माणसं आहेत. १९३८च्या सप्टेंबरात जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालचे बसू आणि मुखर्जी. कोटणीसांचं पुढचं शांतारामबापूंच्या १९४६च्या सिनेमामुळे घरोघरी माहीत आहे. आघाडीवरच्या इस्पितळात राबले, तिथल्याच क्वो छिंगलानशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा, म्हणजे भारत-चीन, आणि ९ डिसेंबर १९४२ला बत्तिसाव्या वर्षी गेले.

आता यातली चुटपुट लावणारी गोष्ट ऐका. कोटणीस शल्यचिकित्सक. आयुष्यभर हातात धरली ती शस्त्रक्रियेची सुरी. पण पंजाबात लुधियान्याला त्यांच्या नावाचं इस्पितळ आहे ते सुयांचं, डॉ. कोटणीस अ‍ॅक्युपंक्चर हॉस्पिटल. सुया खऱ्या आणल्या त्या त्यांच्याबरोबरच्या बिजयकुमार बसूंनी. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, शिकून आले आणि कोलकात्यात रुग्णांना टोचू लागले. म्हणून तर बंगालने १९९६ साली या पद्धतीचा कायदा केला, सगळ्यांच्या आधी. महाराष्ट्रानेही मग स्वतंत्र कायदा केला, आणि केंद्र सरकारने २०१९च्या फेब्रुवारीत ही एक वेगळी उपचारपद्धती म्हणून मान्य केली. बसूंचं नाव मात्र आमच्या भिशीत एकीलाही ठाऊक नव्हतं. सिनेमा निघायला हवा होता त्यांच्यावर.

आणि ज्यांच्या नावाने ही सगळी मिरवणूक, त्या चिन्यांचं तरी एकमत कुठे होतं? १८२२ साली दाओग्वांग बादशहाने राजवैद्यांच्या कचेरीतला सुया आणि डागाचा विभागच बंद करून टाकला. सम्राटाच्या अंगाला सुई लावायची म्हणजे काय! १९२९ साली नानकिंगच्या सरकारपुढे जुनं वैद्यक मुळातूनच मोडीत काढायचा ठराव आला, आणि वैद्यांनी संप करून तो हाणून पाडला. पुढे माओंनी त्याला डोक्यावर घेतलं, कारण डॉक्टर थोडे, खेडी फार आणि सुया स्वस्त. स्वतः माओ मात्र ही औषधं घेत नसत, असं त्यांच्याच खासगी डॉक्टरने लिहून ठेवलं आहे. सासूबाई उपासाचं महत्त्व सांगतात आणि आपण हळूच चिवडा खातात, त्यातलीच गत.

अमेरिकेत वेड गेलं ते तर एका अपेंडिक्समुळे. १९७१च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन पेकिंगला गेले आणि पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स काढलं नेहमीसारखं, भुलीचं इंजेक्शन देऊन. दुसऱ्या रात्री पोटात वारा धरला, तेव्हा तिथल्या वैद्याने कोपराला आणि गुडघ्यांखाली मिळून तीन लांब सुया टोचल्या आणि पोटाजवळ एका वनस्पतीची पेटती कांडी धरली. तासाभरात बरं वाटलं. रेस्टननी ते छापलं, आणि अमेरिकेत सांगोवांगी झालं ते असं, की चीनमध्ये सुया टोचून पोट फाडतात. आपल्याकडच्या कुठल्याही भिशीला लाजवील असं हे कानगोष्टींचं काम.

ती पेटती कांडी म्हणजे मोक्सा. ती ज्या वनस्पतीची करतात ती आपल्या दवण्याची चुलतबहीण. हो, तोच दवणा, चैत्रात जोतिबाला वाहतो तो. आणि पाठीला काचेचे पेले लावून ओढतात ते कपिंग म्हणजे आपली तुंबडी. रिओच्या २०१६च्या ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते गोल जांभळे डाग दिसले आणि सगळ्या जगाला तुंबडी लावून घ्यायची हुक्की आली. आमच्या गावात तुंबडी लावणारी बाई दारावर यायची तेव्हा आई तिला अंगणातूनच वाटेला लावायची. आता तिसरा मजला त्याच डागांचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकतो, पाठ उघडी, खाली दोन हात जोडलेले. मंडळाच्या ग्रुपवर काका आहेत, हे लक्षात घ्या.

माझा एक भाचा डॉक्टर आहे. त्याला विचारलं, खरं काय रे यात? त्याने मला जर्मनीतला एक प्रयोग सांगितला, २००७ साली छापून आलेला. जुन्या कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण घेतले. एका गटाला शास्त्रानुसार नेमक्या जागी सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या, आणि तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे ४८ जणांना आराम, दुसऱ्यात ४४ जणांना आणि औषधवाल्यांत फक्त २७. मी म्हटलं, म्हणजे सुया बऱ्या की वाईट? तो म्हणाला, "आत्या, सुया बऱ्या, पण कुठे टोचता त्याला फारसं महत्त्व नाही." अहो, मग त्या नकाशाचं काय? बारा वाहिन्या, तीनशे एकसष्ट बिंदू, जीभ बाहेर काढलेली, ते सगळं? भाच्याने खांदे उडवले. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर उपयोग होतो हे अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १९९७ सालीच मान्य केलंय, एवढं सांगितलं. आणि जाता जाता बजावलं, सुया कोऱ्या पाकिटातल्या असल्या पाहिजेत आणि काढे घ्यायचे नाहीत. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास बारीक व्हायला म्हणून चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं कायमची बिघडली. वहिनींना हे मात्र मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं.

काढ्यांवरून आठवलं. चौथ्या मजल्याला कुणीतरी सांगितलं, बाईच्या जातीला रक्त भरायला चिनी लोक एक वडी खातात, गडद तपकिरी, जिलेटिनसारखी. अजिआव नाव तिचं. तिची जाऊ सिंगापूरहून आणणार होती. मी म्हटलं, थांब, कशाची ते तरी बघ. गाढवाच्या कातड्याची! शिजवून शिजवून काढलेला डिंक! चौथा मजला शुद्ध शाकाहारी, कांदासुद्धा चतुर्मासात बंद. तिचा चेहरा मी इथे वर्णन करू शकत नाही.

आणि यात हसून सोडून देण्यासारखं कमी आहे. आमच्या जयपूरच्या वेशीवर, लुणियावासजवळ भावगढ बंध्याला, खलकाणी मातेच्या देवळापाशी आश्विनात गाढवांचा बाजार भरतो. आपल्याकडे पौषी पौर्णिमेला जेजुरीला भरतो ना, तसाच. पूर्वी हजारोंनी गाढवं येत. आता घोडेच जास्त दिसतात, गाढवं हाताच्या बोटांवर. देशात २०१२ साली ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९च्या पशुगणनेत उरली १ लाख २० हजार. यंत्रं आली, वीटभट्ट्यांवरचं काम गेलं, हे तर आहेच, पण या वडीपायी चोरून कातडी बाहेर जातात, असंही गाढवांसाठी काम करणाऱ्या संस्था सांगतात. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, ही म्हण मी भिशीत म्हणाले, तर चौथा मजला म्हणाला, "माझं नाव घालू नकोस यात." घातलेलं नाही.

आता शेवटचं, आणि हे मात्र खरोखर कुणाला सांगू नका. मीही गेले.

बघायला म्हणून. वहिनी सोबत होत्या. अंधारलेली खोली, उंच खाट, पांढरी चादर. मुलगी तरुण होती, इथलीच. तिने मला विचारलं, झोप कशी लागते, स्वप्नं पडतात का, तहान कधी लागते, थंडी हाताला वाजते की पायाला. वीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं थंडी कुठे वाजते. मग जीभ. मग कोऱ्या पाकिटातल्या सुया, केसासारख्या. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या फुगीर भागात एक, मनगटाच्या आत एक, गुडघ्याखाली, पावलावर. मुंगी चावल्यासारखं होतं आणि मग जड वाटतं. ती म्हणाली, "अब पच्चीस मिनट हिलना मत," आणि दार लावून गेली.

पर्समध्ये फोन वाजला. मी हलू शकत नव्हते. पुन्हा वाजला. हे असणार, डबा कुठे आहे म्हणून. तिसऱ्यांदा वाजला तो मुलगा असणार, बाबा विचारतायत डबा कुठे आहे म्हणून. दोन्ही हातांत सुया. पलीकडच्या खाटेवरून पडद्याआडून वहिनींचं घोरणं येत होतं, शांत, एका लयीत. पुढचा फोन कधी वाजला ते मला ठाऊक नाही.

घरी गेले तर ह्यांनी दारातच विचारलं, "इतका वेळ? कशासाठी जातेस तरी तिथे? काय झालंय तुला?"

मी केस कानामागे सारले. म्हटलं, "यकृत."

दहा सिटिंगचे पैसे भरून आले आहे.